मंगळ बघायला कोट्टूरपुरमला

मंगळ एकदा डोळ्यांनी बघून यायचं मी ठरवलं, कारण त्याच्यापायी माझ्या नातीचं लग्न अडलं होतं. मुक्ता इथं तमिळ मुलखात, अंबत्तूरला कारखान्यात इंजिनिअर. तिला मैलापूरच्या ऑफिसातला निखिल पसंत, त्याला ती. पण नाशकात बसून त्याच्या आईनं पत्रिका बघितली आणि कळवलं, मुलीला मंगळ आहे, नवऱ्याच्या जिवावर बेततं. निखिलचं एकच, आईला विचारून सांगतो. मुक्ताला बरोबर घेतलं आणि त्याला म्हटलं, तूही चल.

तुम्ही जाणार असाल तर अंबत्तूरहून लोकलनं सेंट्रल गाठा, पलीकडे पार्क टाउनला पुलावरून जाणारी लोकल धरा, कोट्टूरपुरमला उतरून तारांगणापर्यंत रिक्षा करा. रिक्षावाला तोंडाला येईल ते भाडं सांगतो. तो तमिळमध्ये भांडला, मी मराठीत, जिंकले मी. तारांगणाचं तिकीट पत्रिका बघणाऱ्याच्या दक्षिणेपेक्षा स्वस्त.

आधी संग्रहालयाची दालनं बघितली. बाहुल्यांच्या दालनात देशोदेशीच्या नवऱ्या काचेत उभ्या आहेत. एकीचीही पत्रिका कुणी बघितली नसावी, इतके टवटवीत चेहरे. पुढं एक काटा आहे, त्यावर चढलं की कुठल्या ग्रहावर आपलं वजन किती ते दिसतं. मंगळावर मी निम्म्याहून कमी भरले. माझ्या गुडघ्यांना तिथलं हवापाणी मानवेल.

घुमटात खुर्च्या मागं रेलतात, गारठा असतो, शाल न्या. अंधारात आधी मसुराएवढा लाल ठिपका दिसला, मग फुगत फुगत परातीएवढा झाला. नुसते दगड आणि धूळ. माणूस नाही, कुत्रं नाही. याला आपल्या मुक्ताच्या लग्नाचं काय पडलंय, असं मी म्हटलं तर आवाज घुमला आणि मागं बसलेली शाळेची पोरं खिदळली.

खेळ संपल्यावर तिथं माहिती सांगणाऱ्या बाईंना मुक्तानं तमिळमध्ये विचारलं, मंगळानं खरंच नवरा मरतो का. त्या हसल्या. त्यांच्यातही हे खूळ आहे, ‘चेव्वाय दोषम’ म्हणतात, आणि तो खुद्द त्या बाईंनाच आहे. नवरा? तो काय, बाहेर बाकावर. बघितलं तर गृहस्थ चांगला गरगरीत, बायकोच्या डब्यातला दहीभात संपवत बसलेला. मी निखिलला शेजारी बसवलं.

“नीट बघ. हा मंगळानं मारलेला.”

मग त्याला आईला फोन लावून स्पीकरवर टाकायला सांगितला. त्याच्या आई म्हणाल्या, ठीक आहे, आधी मुलीचं मातीच्या घटाशी लग्न लावू, दोष त्याच्यावर जाईल. निखिल ‘बरं’ म्हणायला तोंड उघडतोय तोच मी म्हटलं, “लावा की. घट निदान आईला विचारून सांगतो म्हणणार नाही.”

मुक्ता हसली नाही. “निखिल, मी घटाशी लग्न करणार नाही,” ती म्हणाली. “आता तू बोल.”

पोरगा एकदा दहीभाताकडे बघून फोनकडे वळला.

“आई, घटबिट काही नाही. मी हिच्याशीच करणार. तू ये.”

पलीकडून फोन कट.

आम्ही परतीची गाडी धरली. निखिलची खोली मैलापूरलाच, पण ते मागं पडलं तरी तो उतरला नाही, थेट आमच्या घरी आला. मी चहा टाकला तोवर त्याच्या आईचा फोन. आवाज रागातलाच, पण विचारत होत्या, कार्यालय कुणी बघायचं, तुम्ही की आम्ही.

तर एका दिवसात पदरात काय पडलं? वर बघून बघून आखडलेली मान आणि एक नातजावई. मान शेकली की सुटेल. दुसऱ्याला किती शेकावं लागतं ते बघू.