ज्योत्स्नाचं छापील वय

नाचणगावात पुंडलिकरावांचं किराणा दुकान आहे आणि दुकानामागच्या खोलीत त्यांची पुतणी ज्योत्स्ना. दोन्ही वर्षानुवर्षं जागच्या जागी. ज्योत्स्ना माझी कॉलेजातली जुनी विद्यार्थिनी. हुशार, पण वडील गेल्यापासून काकांपुढे ब्र काढत नाही. मला याचा राग येतो, पण माझ्या रागाला विचारतो कोण!

काका समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. दरवर्षी वधू-वर परिचय मेळावा भरतो आणि त्याची पुस्तिका ज्योत्स्ना टाइप करते, फुकट. त्या पुस्तिकेत तीही असते. नऊ वर्षांपूर्वी तिनं आपलं वय एकोणतीस लिहिलं, तेव्हा ते खरं होतं. पुढे काकांनी ते हलूच दिलं नाही. जुनी फाइल उघडायची, लग्न जमलेली नावं काढायची, नवी घालायची. ज्योत्स्ना तशीच. मग कुणी बघायला यायचं, ती पोहे न्यायची, बोलता बोलता बी.ए.चं वर्ष निघायचं आणि पाहुणे चपला शोधू लागायचे. खोटारडी कोण ठरायची? तीच.

यंदा मेळाव्याच्या पंधरा दिवस आधी कॉम्प्युटर बसला. पुलगावहून दुरुस्तीवाला धीरज आला. मी तिथेच होते.

"ताई, व्हायरस हाय. लोकाईच्या पेनड्राइव्हमधून फोटो घेता न तुमी, त्यातूनच आला. हार्ड डिस्कबी गच्च भरली. फॉर्मेटच करा लागते."

"मंग कर."

"पहिले डेटा तं पाहून घ्या. डेस्कटॉपवरचं सारं उडते."

"उडू दे."

इतक्या झटकन म्हणाली की धीरजनं माझ्याकडे पाहिलं. फॉर्मेट करायला त्याच्याकडे दोन कारणं होती, तिसरं तिच्याकडे होतं.

काकांनी गेल्या वर्षीची पुस्तिका तिच्यापुढे आपटली. "पाहून पाहून टाइप कर सारं. तुले कुठं जाचं हाय?"

चारशे नावं तिनं पुन्हा टाइप केली, स्वतःचं सोडून. काकांच्या नजरेतून बरं सुटेल!

"तुयं काऊन नाई?"

"उडालं, काका."

"मंग टाक. वय एकोणतीस."

तिनं अडतीस टाइप केलं. काका खुर्चीमागेच उभे होते.

"डोकं फिरलं काय तुयं? लोक मले काय म्हनतीन?"

तिनं खोडलं. एकोणतीस छापून आलं.

मेळावा वर्ध्याला होता. पुस्तिका वाटायच्या टेबलावर अर्थात तीच. माझी प्रत देताना तिनं आधी पान उघडलं, निळ्या पेननं एकोणतीस खोडून वर अडतीस लिहिलं आणि मग माझ्या हातात दिली. मागच्या माणसाचीही तशीच. रांग खोळंबली. "काय करून राह्यली वो बाई?" कुणीतरी ओरडलं. तिनं मान वर केली नाही. काकांचं लक्ष जाईपर्यंत दीडशे प्रती गेल्या होत्या. त्यांनी भर मांडवात तिच्या हातातला पेन हिसकावला.

दोन दिवसांनी गेले तर ती त्याच खोलीत, त्याच कॉम्प्युटरपुढे. पुढच्या वर्षीची फाइल आत्तापासूनच तयार ठेवायचा काकांचा हुकूम.

"वय काय टाकलंस?" मी विचारलं.

"तीस," ती म्हणाली. "काका एक वर्ष सरकले, मॅडम."