रविवारच्या कोड्यातला ठिपका

मंगळवारी माझी पत्नी गेली. मी दवाखान्यातून घरी आलो. तिच्या पिशवीत चष्मा, पेन्सिल आणि रविवारचा पेपर होता.

आम्ही दोघं रविवारचं इंग्रजी शब्दकोडं सोडवायचो. रोजचं नाही, रोजचं तिला पोरकट वाटायचं. रविवारच्या कोड्यातलं प्रत्येक सूचक वाक्य वरून अगदी साधं दिसतं, शेजाऱ्यानं जाता जाता बोलावं तसं. पण उत्तर कसं तयार करायचं याची कृती त्याच्या पोटात लपवलेली असते. कुठली अक्षरं उलटी फिरवायची, कुठल्या शब्दाच्या आत दुसरा शब्द बसवायचा, ते सगळं. वाक्याच्या अर्थामागे गेलात की फसलात. मी सिन्नरच्या मराठी शाळेत शिकलो, पुढे नाशिकला कॉलेजात ग्रंथपाल झालो. वाचण्यापुरतं इंग्रजी मला येत होतं, पण हे असलं इंग्रजी मला तिनं शिकवलं. ती शाळेत गणित शिकवायची. लग्नाला थोडे महिने झाले असतील. मी असंच एक वाक्य घेऊन बसलो होतो. ती खांद्यावरून वाकून म्हणाली, "अहो, ते वाचू नका. मोडा."

आमचा एक नियम होता. उत्तर सांगायचं नाही. ज्याला सापडेल त्यानं त्या शब्दाच्या पहिल्या घरात पेन्सिलीनं ठिपका ठेवायचा आणि पेपर दुसऱ्याकडे सरकवायचा. दुसऱ्याला सापडलं की त्यानं ते कसं बनतं ते बोलून दाखवायचं, आणि दोघांचा शब्द एकच निघाला तर अक्षरं भरायची. कधी दोन वेगळे शब्द त्याच घरांत बसायचे. मग भांडण. त्यामुळे आमचं कोडं फार हळू भरायचं, कधी बुधवारपर्यंत लांबायचं. मुलगी लहान असताना म्हणायची की एकाला येतंय तर लिहून मोकळे का होत नाही तुम्ही. तिची आई म्हणायची, "मग दुसऱ्यानं काय, पेपर धरून बसायचं?"

ठिपके बहुतेक तिचे असत. माझा एखादा पडला की मी उगाच उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जायचो. "पुरे हो ग्रंथपाल, तुळस पोहायला लागली," ती आतून म्हणायची.

गेल्या वर्षी तिचं पोटाचं दुखणं निघालं. उपचार झाले, मग डॉक्टरांनीच ते थांबवले. शेवटच्या आठवड्यात ती गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात होती. शनिवारी मला आणि मुलीला बाहेर बोलावून डॉक्टरांनी काय ते सांगितलं. तिला सांगावं लागलं नाही. रविवारी मी दारात पडलेला पेपर घेतला आणि न्यावा की नाही याचा विचार करत दवाखान्याच्या जिन्यात थांबलो. वर गेल्यावर तिनं माझ्या तोंडाकडे न बघता आधी हाताकडे बघितलं.

मी वाक्यं वाचत होतो, ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच झोप लागायची. जागी झाली की मी पुन्हा पहिल्यापासून वाचायचो. ठिपक्यासाठी बोट उचलायची आणि मी तिच्या वतीनं ठेवायचो. दुपार कलेपर्यंत एक सोडून सगळे शब्द भरले. मधला एक उभा शब्द राहिला. आडव्या शब्दांमुळे त्याची निम्म्याहून जास्त अक्षरं आलेली होती, तरी मला काही दिसेना. मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. पत्नीनं माझ्याकडे पेन्सिल मागितली. स्वतः ठिपका ठेवला. तो रेषेवर पडला.

मग म्हणाली, "सांगू का?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. ती का विचारते आहे ते मला कळलं. हो म्हणणं म्हणजे शनिवारी डॉक्टर जे म्हणाले ते आम्ही दोघांनी एकमेकांसमोर मान्य करणं होतं. ते माझ्याच्यानं होईना. मी म्हणालो, "नको. मी काढतो."

"काढा," ती म्हणाली. "पण बुधवारपर्यंत लांबवू नका."

सोमवारी ती बोलली नाही.

पेपर बंद करायचं कुणाला सुचलं नाही, त्यामुळे पुढच्या रविवारी तो आला. त्यात मागच्या कोड्याची उत्तरं होती. मी ते पान न उघडता कपाटात ठेवलं. मालेगावची माझी मेहुणी घरात होती, ती घर आवरताना म्हणाली, "भाऊजी, हे रद्दीत टाकू?" मी नको म्हटलं. तिनं कारण विचारलं नाही. मावशीकडून ऐकून मुलीनं मात्र पुढे पुण्याहून फोनवर विचारलं. मी सांगितलं. उत्तर आलंच आहे तर बघा आणि मोकळे व्हा, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "मी इकडे बघून फक्त एक अक्षर सांगू का, बाबा?" मी नाही म्हणालो. "तुम्ही दोघं ना," ती म्हणाली.

शब्द मला उन्हाळ्यात सापडला. भाजीबाजारात मी मेथीची जुडी हातात घेऊन उभा होतो आणि ते वाक्य आपोआप मोडलं. भाजीवाल्या बाई म्हणाल्या, "बाबा, घ्यायची हाय का नुसती धरून ऱ्हायचं?" मी जुडी घेतली आणि घरी आलो. अक्षरं बसवून बघितली. सगळी बसली. मग जेवणाच्या टेबलाशी बसून, तो शब्द कसा बनतो ते मी नियमाप्रमाणे मोठ्यानं सांगितलं. कुकरची शिट्टी झाली शेजारच्यांच्या घरात. नंतर कपाटातलं पान काढलं. छापलेलं उत्तर तेच होतं.

पण ते कोडं रचणाऱ्याचं उत्तर. त्या रविवारी ती औषधांच्या गुंगीत होती. तिच्या मनात त्या घरांत बसणारा दुसराच शब्द आला असेल. किंवा कुठलाच आला नसेल, आणि मागे मला काही काम राहावं म्हणून तिनं ठिपका ठेवला असेल. तसं करण्याइतकी ती हुशार होती. मी हो म्हटलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं, हे छापील पानावर कुठे नव्हतं.

मी शब्द भरला. ठिपका खोडला नाही. तो पहिल्या अक्षराच्या बाजूला रेषेवर दिसतो. रविवारी पेपर येतो. मी एकटा जमेल तेवढं सोडवतो, आणि काही घरं रिकामी राहतात. तिचा शब्द कोणता होता, ते मला माहीत नाही.