सुनेच्या हातचे वाल

दोन डिसेंबर. मोड आलेले वाल सोलायला बसले आहे. दहिवलीच्या आमच्या वृद्धाश्रमात आज डाळिंब्यांची उसळ. काम किचकट, पण मी ते दुसऱ्या कुणाला देत नाही. वाल हातात आले की खालापूरकडच्या एक आजी आठवतात. आता त्या नाहीत. शेजारच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या, आणि माझ्या उसळीला नावं ठेवणारंही कुणी उरलं नाही.

आश्रम तेव्हा नवा होता. आजींचा पाय मोडलेला आणि मुलगा साजगावच्या कारखान्यात कामाला. घरी बघणारं कुणी नाही, म्हणून त्याने त्यांना इथे आणलं. बुजू नयेत म्हणून मी म्हटलं, मला तुमची लेकच समजा. त्यांनी पोरंबाळं किती, विचारलं. मला मूल नाही, तसं सांगितलं. त्यानंतर त्यांनी ताटाला हात लावला नाही.

दोन दिवस चहावर काढले. मी पेज करून पाहिली, रागावूनही पाहिलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत जेवल्या नाहीत तर दवाखान्यात हलवावं लागेल. मुलगा ड्युटी सोडून आला, आईशी बोलला आणि बाहेर येऊन ओशाळत म्हणाला, "आमच्यात लेकीला मूल झाल्याबिगर तिच्या घरचं खात नाय."

हे मला कळायला हवं होतं. माझी स्वतःची आई माझ्याकडे यायची ती भाकरी फडक्यात बांधून. शेवटपर्यंत.

मी डोक्यावर पदर घेतला आणि भात-उसळीचं ताट घेऊन आत गेले.

"आत्याबाई, मी लेक नाही. सून समजा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग आधी नाय सांगायचं गं? सुनेचं घर म्हंजे आपलंच घर."

भात कालवला. मुलगा दाराशी उभा होता, त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. चार घास पोटात गेले आणि आजी उसळीतून एक साल काढून ताटाच्या कडेला ठेवत म्हणाल्या, "तुज्या आयनं वाल सोलायला नाय शिकवलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या वालांची परात त्यांच्या खाटेवर नेऊन ठेवली आणि पदर सावरून शिकायला बसले.