वाळवंटाची दरी आणि वीस लिटरचा जार

या सहलीचं निमित्त डॉक्टर. अब्बांच्या घशातली गाठ सोमवारी काढायची, उशीर अजिबात नको, असं म्हणून त्यांनी संमतीचा कागद पुढं केला. अब्बा म्हणाले, "पहले दरी में जाके आना. फिर सही." अब्बांचं वय शहात्तर, गुडघे त्याहून जुने. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी रविवारी पहाटे गाडी काढली.

ही दरी नकाशावर सापडणार नाही, सिनेमात सापडेल. बहात्तरच्या दुष्काळात खुलताबादच्या पुढं एका डाकूपटाचं शूटिंग झालं. डोंगरावर गवताची काडी नव्हती, त्यामुळं युनिटला हुबेहूब परदेशी वाळवंट फुकटात मिळालं. वाळू तेवढी कमी पडली, ती गोदाकाठून ट्रकनं आणली. सिनेमाचं नाव सांगत नाही. तो चाललाही नाही.

त्यात एक प्रसंग आहे. तहानेनं मरणारा माणूस पाणी मागतो आणि डाकू त्याच्या डोळ्यांदेखत पखाल वाळूत रिकामी करतो. डाकूचं हे काम आधी अब्बांचे दोस्त दगडूकाका यांना मिळालं होतं. दोन टेक झाले आणि त्यांनी दोन्ही वेळा त्या माणसाला पाणी पाजलं. दिग्दर्शक ओरडला, तर म्हणाले, "साहेब, तो मागतोय ना." त्यांना घरी पाठवलं आणि डाकूचा फेटा अब्बांच्या डोक्यावर आला. अब्बांनी पहिल्या झटक्यात शॉट दिला. सगळं गाव बघत होतं, आणि त्या वर्षी गावाला प्यायला पाणी नव्हतं. माझ्या दादीनं पुढं आठ दिवस अब्बांच्या हातचं पाणी घेतलं नाही.

याच सिनेमासाठी कुणीतरी तंबूत बसून एक दंतकथा लिहिली होती: या दरीत तहानलेल्याला पाणी नाकारलं, की नाकारणाऱ्याचा घसा सुकतो. अब्बांना तेव्हापासून कोरडा खोकला आहे. आता गाठ. डॉक्टर विडीचं नाव घेतात, पण डॉक्टरांनी सिनेमा बघितलेला नाही.

जाणाऱ्यांसाठी: शहरातल्या आमच्या गारखेड्याहून सहाला निघा. दौलताबादच्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते आणि रविवारी आठनंतर तिथं जिल्हा जमतो. शहरातच नान-खलिया खाऊन घ्या. अब्बांनी नान रश्श्यात भिजवून दोन घास कसेबसे गिळले आणि झकास झालंय म्हणाले. खुलताबादला दगडूकाका चढले. अब्बांनी तिथं पाण्याचा वीस लिटरचा जार घ्यायला लावला. म्हैसमाळच्या रस्त्यावरून डावीकडं कच्ची वाट, मग अर्धा तास पायी उतार. बूट घाला. जार मी उचलला, याची नोंद घ्यावी.

दरी भव्य वगैरे आहे. काळा कातळ, लाल मुरूम, घायपाताची रांग आणि वर एक घार. वाळू मात्र नाही. "ती गावानं कवाच नेली," दगडूकाका म्हणाले. "वाळवंट आता तीन घरांच्या भिंतीत हाय."

खाली एक बाई शेळ्या चारत होती. तिनं आपण होऊन माहिती दिली, "हितं तहानलेल्याला पाणी नाय दिलं, तर घसा सुकतो. लई जुनी गोष्ट हाय."

"कितनी पुरानी?" अब्बा म्हणाले.

"सासूच्या सासूपासूनची."

अब्बांनी पेला भरून पुढं केला. तिनं कमरेची बाटली दाखवली. "माझ्याकडं हाय की."

मग आम्ही तहानलेल्या माणसाची वाट बघत बसलो. तासभर कुणी आलं नाही. मी घटाघटा पाणी पिऊ शकलो असतो, पण अब्बा म्हणाले, घरचा चालत नाही. त्यांनी भरलेला पेला खाली ठेवला नाही. मला पहिल्यांदाच वाटलं, हे सही करणार नाहीत.

दगडूकाका उठले, टोपी काढून माझ्याकडं दिली आणि शॉटच्या बरोबर त्या जागी मुरमात आडवे झाले. "पाणी," ते अब्बांना म्हणाले. "रशीद, पाणी."

अब्बांना गुडघ्यांवर बसायला दोन मिनिटं लागली. पहिल्यांदा हात हलला आणि पाणी काकांच्या नाकात गेलं. काका उठून शिंकले, पुन्हा आडवे झाले आणि म्हणाले, "परत घे."

दुसऱ्यांदा ते नीट प्याले. मी दोघांकडं पाठ केली आणि घार बघितली. चढ चढून वर आल्यावर अब्बांनी गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली.

सोमवारी गाठ निघाली. साधीच निघाली. संध्याकाळी अब्बा शुद्धीवर आले आणि ओठ हलवून म्हणाले, "पानी." नर्सनं चार तास थेंबही द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. दगडूकाकांचा हात बाटलीकडं गेलाच होता. मी तो धरला.

"अरे, तो मागतोय ना," काका म्हणाले.

मी बाटली पलंगाखाली ठेवली आणि अब्बांकडं बघायचं टाळलं. मग बाहीनं नाक पुसलं.

अब्बांनी माझं मनगट चाचपून धरलं. "नक्को रो," ते कुजबुजले. "कट बोलने तक रुकना पडता."

घरी येऊन आता महिना झाला. जार परत द्यायचा राहिलाय, तो फाटकाशी भरून ठेवलाय, वर पेला. खोकला आहे तसाच आहे.