सविताच्या दारचा सडा

कुणाची कोंबडी कुणाच्या कालवणात गेली, हे बयाबाईला म्हणे वासावरून कळायचं. आंदर मावळातल्या त्या वाडीत टाकव्याच्या एसटीची वाट बघण्यापलीकडे करमणूक ती काय! लोक तिच्या चौकश्यांना वैतागत आणि काही हरवलं की मुकाट तिच्याच ओट्यावर येऊन बसत.

पण शेजारच्या सविताच्या दारात कोडं पडलं तेव्हा बयाबाईचीही बोलती बंद झाली. सविता तिची चुलत जाऊ, जिवाभावाची. भातकापणीच्या तोंडावर ती गेली. नवरा सखाराम घराला कुलूप घालून शेतावरच्या खोपीत राहायला गेला, आणि त्या बंद दारात रोज पहाटे शेणाचा ओला सडा दिसू लागला. बायका तोंडाला पदर लावून पलीकडून जायला लागल्या. भीती बयाबाईलाही वाटली, खोटं कशाला सांगा. एकदा धुक्यात तिला आतून बांगड्या वाजल्याचा भास झाला. ती उलट्या पावली घरी आली.

सविताचा मुलगा निलेश तळेगावच्या कंपनीतून आला, तो भगत ठरवूनच. अमावस्येला उंबऱ्यात खिळे ठोकायचे, म्हणजे आईला पुन्हा घरात पाऊल टाकता येणार नाही. बयाबाईला ते पटेना. मेलेल्या बाईला तिच्याच दारातून हाकलायचं, आणि तेही पोटच्या पोराने.

मग मात्र ती भीती गिळून सड्यापाशी जाऊन बसली. बाई सडा टाकते ती वाकून, मनगटाने. थेंब दाट पडतात. हा उभ्याने, खांद्यापासून हात फिरवून फेकलेला. लांब आणि विरळ, राबात, रोपांसाठी भाजलेल्या वाफ्यात, भात पेरतात तसा. आणि राबात पेरायचं काम वाडीत गड्यांचं. गडीमाणूस सडा टाकेल हे कुणाच्या बापजन्मी मनात आलं नसतं. त्यापेक्षा भूत पटायला सोपं.

ती तडक खोपीवर गेली.

"भावजी, सडा तुमीच टाकताय न्हवं?"

सखाराम मातीकडे बघत बोलला. "ती आली तर? बिनसड्याचं दार बगून म्हनंल, ह्ये आपलं घर न्हाई. माघारी जाईल वो." मग हळूच म्हणाला, "कुनाला सांगू नगा, वयनी. लोक हासतील. पोरगं याडा म्हनंल."

अमावस्येला भगत हातोडी घेऊन आला, तर बयाबाई उंबऱ्यावर बसलेली.

"सडा मी टाकते," ती म्हणाली. "जावंचं दार सुनं बगवंना मला."

"सारं गाव घाबरवलंस की गं, काकी," निलेश संतापला. जन्मभर दुसऱ्यांची लबाडी उघडी पाडणारी बाई अशी लबाड ठरली, आणि वाडीने मनसोक्त तोंडसुख घेतलं. खिळे तेवढे भगताच्या पिशवीत परत गेले.

आता बोललेलं निभावणं आलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती शेणकाल्याची बादली घेऊन सविताच्या दारात गेली. सखाराम आधीच येऊन उभा होता.

"आता ह्ये माज्यावर सोडा, भावजी."

त्याने बादलीची कडी धरली. "नगं, वयनी. बाईचा हात दिसला तर तिला वाटंल, मी दुसरी केली."

बयाबाईला हसू आलं नाही. बादली त्याच्या हाती देऊन ती दारासमोरून बाजूला सरकली, येणाऱ्या माणसाला वाट द्यावी तशी.