दोरीवरच्या चिंध्या

भर दुपारी प्रकाशचा फोन आला. "काकी, आई गेली," एवढंच म्हणाला. मी हातातली मेथीची जुडी तशीच धरून उभी राहिले. ऐंशी ओलांडलेली बाई, बातमी कधीतरी येणारच होती... पण खरं सांगते, पहिली वाटली ती भीती. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की आता ती गोष्ट माहीत असणारी मी एकटीच उरले. कोणती गोष्ट, ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे. आज सांगू, उद्या सांगू करत जवळजवळ पन्नास वर्षं काढली. भित्र्या माणसाला आयुष्य पुरत नाही म्हणतात ते खोटं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, प्रकाशची आई. सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी भिवंडीच्या घरात आले, तेव्हा अक्काच्या पदरी दोन मुलं, सासूसासरे आणि घरभर पसरलेली लाल लादी होती. भाजक्या मातीची, वरून कसलीच चकाकी न दिलेली. अशी लादी म्हणजे तहानलेलं जनावर. आमटीचा थेंब सांडला की पिऊन टाकणार आणि डाग जन्माचा ठेवणार. दर वर्षी दिवाळीच्या आधी अक्का ती लादी घासून तिला तेल पाजायची, आणि त्यात तिचा शब्द म्हणजे कायदा. अ‍ॅसिडला घरात थारा नाही, त्यानं लादीची कातडी जाते. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून काथ्यानं घासायचं, कोपऱ्यात पांढरा खार फुटला असेल तिथे चिंचेचं पाणी. मग चार-पाच दिवस नुसतं वाळू द्यायचं. "ओल आत कोंडली ना सुमन, तर वरून कितीही तेल घाल, ही पांढरी पडणार म्हणजे पडणार," असं ती मला दर वर्षी नव्यानं सांगायची. लादी खडखडीत वाळली की अळशीचं तेल टर्पेंटाइननं पातळ करून सुताच्या बोळ्यानं चोळायचं आणि अर्ध्या तासानं वर राहिलेलं सगळं पुसून घ्यायचं. शेवटी पाण्याचा एक थेंब टाकून दोघी वाकून बघायचो. जिरला तर अक्का म्हणणार, "हिची तहान भागली न्हाय अजून." तसाच वर उभा राहिला की आमची दिवाळी झाली.

चोळायला लागणारं सूत आम्हाला नईमभाई द्यायचे. आमच्या मागच्या भिंतीला लागून लूमच्या कारखान्याचं शेड होतं, तिथे ते शिफ्टमध्ये काम करत. मागाखाली पडलेल्या सुताचा गुंता आणि कापडाच्या चिंध्या गठुडं बांधून मागल्या दारी आणून द्यायचे. "भाभी, साफ माल है, तेल नहीं लगा," असं म्हणून दारातूनच परत जायचे. भिवंडीत लादी पुसायला दुसरं काही विकत आणणारा मूर्खच म्हणायला हवा. पण ते दिवस वेगळे होते. गाव काही वर्षांपूर्वी हिंदू-मुसलमान दंगलीत एकदा होरपळून निघालं होतं. घरात त्याबद्दल चकार शब्द कोणी काढत नसे, पण आमच्या आळीत प्रत्येक दारामागे भरलेल्या दोन बादल्या असत, आणि संध्याकाळी कुठे पत्रा जरी वाजला तरी बायका आधी मुलं मोजायच्या. मी अंजूरची, खाडीकाठच्या शांत गावातली. मला तर ताटलीचा आवाज झाला तरी धडकी भरायची.

ती गोष्ट घडली त्या वर्षी मला तिसरा महिना होता. दुपारी बारापर्यंत आम्ही माजघराची लादी तेल लावून पुसून काढली. त्या वासानं माझं डोकं गरगरत होतं. अक्का म्हणाली, "एवढ्या चिंध्या सोड्याच्या पाण्यात खळबळून काढ आणि दोरीवर एकेक पसर. पुढच्या साली उपयोगी पडतील." तिला काटकसर तेवढी सुचत होती, दुसरं काही नाही. मी हो म्हटलं. मागे गेले, आणि चिंध्यांच्या त्या चिकट ढिगाकडे बघून मला ओकारीच आली. मग काय केलं? अर्ध्या एका गोणपाटात कोंबल्या, पायानं दाबल्या आणि लाकडांच्या खोपीत सारल्या. उरलेल्या न्हाणीमागच्या पत्र्याच्या डब्यात ठासल्या. आत येऊन म्हणाले, "घातल्या अक्का," आणि आडवी झाले. माझ्या आळसाला मी तेव्हा तब्येत असं नाव दिलं होतं.

चारच्या सुमाराला ओरडा झाला. खोप पेटली होती. आळीतल्या सगळ्या बादल्या धावल्या. नईमभाई तर भिंतीवरून उडी टाकून आले, दोन्ही हातांत बादल्या घेऊन. घर वाचलं, खोप गेली, पेरूचं झाड एका बाजूनं करपलं. आणि धूर निवतोय न निवतोय तोच कोणीतरी विचारलं, लावली कोणी? खोपीत चूल नाही, दिवा नाही, बिडी ओढणारा कोणी नाही. सासूबाई म्हणाल्या, "सकाली तो मागल्या दारी उभा व्हता, गठुडं घेऊन. म्या बघितला त्याला." त्या खोटं बोलल्या नव्हत्या. पण तेवढं पुरलं. दोघांनी नईमभाईंची कॉलर धरली. "मैं तो बुझाने आया, भाई..." ते म्हणत होते, आणि सदरा फाटल्याचा आवाज मला ओटीपर्यंत ऐकू आला. आळीच्या तोंडाशी माणसं जमायला लागली. काहींच्या हातात लाठ्या होत्या. पलीकडे शेडमधले लूम एकेक करून बंद पडत गेले. ती खटखट थांबलेली मी त्या घरात प्रथमच ऐकली. आग गोणपाटाच्या जागीच लागली हे मला दिसत होतं, पण मी काडी लावली नव्हती, मग पेटलं कसं? क्षणभर वाटलं, असेल, यानंच लावली असेल. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

अक्कानं माझा दंड धरून मला आत ओढलं. "सुमन, चिंध्या कुठायत? दोरीवर एक पण न्हाय." मी न्हाणीकडे बोट दाखवलं. तिनं डब्यात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. मग माझा हात धरून आत घातला. ना निखारा, ना ठिणगी, आणि आतलं सूत उतरवलेल्या भाताच्या पातेल्यासारखं तापलेलं. तेलाचं सूत कोंबून ठेवलं की आपोआप तापतं, पेटतं, हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, पण तिला कळलं. माझ्या आधी कळलं. "बाकीच्या खोपीत ठेवल्यास?" मी मान डोलावली. "अक्का, मला मारतील गं," एवढंच माझ्या तोंडून निघालं. खरं तर कोणीही मला हात लावणार नव्हतं. मार खात होता तो बाहेर.

"तोंड उघडू नकोस," ती म्हणाली, आणि डबा पोटाशी धरून बाहेर गेली. आमच्या घरात सुना मामंजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, बोलत नसत. काही सांगायचं तर सासूबाईंमार्फत. ती बाई डोक्यावरचा पदर पडलेला, हाताला तेल, सगळ्या आळीसमोर मामंजींच्या पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "सोडा त्यांना. आग माझ्यामुळं लागली. तेलाच्या चिंध्या मी कोंबून ठेवल्या." कोणीतरी हसलं. "वहिनी, काय पण सांगता! चिंध्या काय आपोआप पेटतात?" अक्कानं डबा पुढे केला. "मामंजी, हात घाला." मामंजींनी घातला आणि "अगं आई गं" करून काढला. मग तिनं डबा अंगणात उलटा केला, गोळा काठीनं फोडला, आणि आतल्या करपलेल्या सुतातून सगळ्यांच्या देखत धूर निघाला. कॉलर धरलेले हात खाली आले. आळीच्या तोंडाशी जमलेली माणसं पांगायला मात्र दिवेलागण झाली, आणि तोवर मी दाराची कडी सोडली नाही. नईमभाई आमच्या पायरीवर मटकन बसले. अक्कानं त्यांना पाणी दिलं, ते त्यांना पिता येईना.

पुढे सासूबाई अक्काला "आमची आगलावी" म्हणायला लागल्या. पाहुण्यांसमोर, हळदीकुंकवाला, अगदी प्रकाशच्या लग्नातसुद्धा. ती ऐकून घ्यायची. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, मी सांगून टाकते." ती लादी पुसत होती, वर न बघता म्हणाली, "गप बस. एकीचं नाव गेलं तेवढं बास. दोघींचं कशाला?" मी गप्प बसले. बरं वाटलं गप्प बसायला, काय खोटं सांगू! नईमभाई दर वर्षी सूत देत राहिले, पण मागल्या दारी कधीच आले नाहीत. पुढच्या पायरीवर, सगळ्या आळीला दिसेल असं गठुडं ठेवायचे आणि मोठ्यानं हाक मारून जायचे.

आम्ही नंतर काल्हेरला वेगळे झालो. माझ्या घरात चकचकीत टाइल्स आल्या, फडकं मारलं की संपलं. अक्कानं लादी सोडली नाही. तेराव्याला गेले तेव्हा पायाखाली ती तशीच होती, गार, लाल. हात धुवायला मागे गेले, तर दोरीवर चिंध्या. वीस-बावीस असतील. एकेक सुटी, चिमटा लावलेली, वाळून पापडासारखी ताठ. जायच्या आठवडाभर आधी तिनं माजघराला तेल लावलं होतं म्हणे. प्रकाश मागून आला. "आईची ही खोड, काकी. एकीला एक चिकटू द्यायची नाही. म्हणायची, मी एकदा हातानं आग लावली होती, तेव्हापासून भीती बसली."

"तिनं नाही रे लावली," मी म्हणाले. "मी लावली." आणि तिथेच, न्हाणीच्या दगडावर बसून, त्याला सगळं सांगितलं. ओळखू न येणाऱ्या माणसाकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला, मग आत गेला. याच नजरेला मी इतकी वर्षं भीत होते.

रिकाम्या हातांना काही सुचेना म्हणून मी चिंध्या काढायला लागले. पहिली काढली, दुसरी काढली, दुसरी पहिलीवर ठेवली... आणि झटकन उचलली. दोन्ही पुन्हा दोरीवर पसरल्या, चिमटे लावले आणि मध्ये बोटभर जागा सोडली.