बहिणीचा शब्द

सामोआच्या त्या बेटावरच्या रुग्णालयात सर्जन एकच, डॉ. इओसुआ. भूल देणारी डॉक्टरही एकच, त्याची धाकटी बहीण लुपे. तिथे भावाने बहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. यांच्या घरी तर रविवारचं पहिलं ताट इओसुआनेच लुपेपुढे ठेवायचं, आणि तिने घास घेतल्याशिवाय कुणी जेवायचं नाही.

या शब्दावरच लुपेने बरेच दिवस निभावून नेलं. ऑपरेशनआधी इओसुआच्या तोंडाला बिअरचा वास आला, की ती हळूच म्हणायची, "दादा, घरी जा." तो निमूट जायचा. घरची अब्रू घरात. खरं सांगायचं तर हा निव्वळ भित्रेपणा होता, आणि लुपेला ते कळतही होतं.

मग ती प्रशिक्षणासाठी राजधानीला, आपियाला गेली. तिच्या जागी बाहेरून एक डॉक्टर आला. त्याच दरम्यान इओसुआने हर्नियाच्या साध्या ऑपरेशनमध्ये एका कोळ्याचं आतडं कापलं. माणूस जेमतेम वाचला.

लुपे परतली ती थेट भावाच्या खोलीत गेली.

"प्यायला होतास?"

"थोडीशीच गं. तू असतीस तर थांबवलं असतंस."

"म्हणजे चूक माझी?"

"तसं नाही. आता शब्द देतो ना तुला."

"मलाच देशील. ज्या टेबलापाशी बहीण नसेल, तिथं काय?"

इओसुआने दार लोटून घेतलं. "मेडिकल कौन्सिलला कळवू नकोस," तो म्हणाला. "बहीण म्हणून एवढं तरी कर."

"बहीण म्हणून खूप केलं, दादा. आता डॉक्टर म्हणून फोन करते. तुझ्यासमोरच."

तिने फोन केला. आपण इतके दिवस गप्प बसलो, हेही सांगून टाकलं. इओसुआचं काम बंद झालं, तिचीही चौकशी लागली. आईने तिच्याशी बोलणं टाकलं.

रविवारी चर्चहून आल्यावर सगळे चटईवर बसले. आई लुपेला वगळून दुसऱ्यांना वाढायला निघाली, तेवढ्यात इओसुआ उठला. नारळाच्या रसातल्या माशाचा वाडगा दोन्ही हातांत धरून तो बहिणीपुढे आला. त्या दिवशी त्याने दारूचा थेंबही घेतला नव्हता, तरी हात असे थरथरत होते की रस चटईवर सांडला.

"बघितलंस?" तो म्हणाला. "या हातांनी मी माणसं कापत होतो."

लुपेला रडू आवरेना. तरी तिने घास घेतला. तिच्या घासावाचून सगळे जेवायचे थांबले होते.